म्हस्कू आप्पांचा बारा नंबर

म्हस्कू आप्पा माझ्या दुकानात औषध घ्यायला क्वचितच यायचे. यायचे ते वाचायला.

शिरूरच्या एसटी स्टँडपासून दोन मिनिटांवर माझं मेडिकल आहे. काउंटरच्या डाव्या हाताला डिओ, डासांचा फवारा, झुरळांचा फवारा, गुडघ्यावर मारायचा थंड स्प्रे असे सगळे डबे रांगेनं लावलेले असतात. आप्पा तिथं उभे राहायचे, एखादा डबा उचलायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि डब्याच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं ओठ हलवत वाचायचे. इंग्रजी त्यांना अडखळत यायचं. अडलं की डबा माझ्या नाकासमोर. "ताई, ह्ये काय लिव्हलंय?" मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "आप्पा, हे वाचनालय नाही हो." तर शांतपणे म्हणाले, "त्येच म्हंतो मी. लोकं न वाचताच घिऊन जात्यात."

ते त्या अक्षरांत एकच गोष्ट शोधायचे. फवाऱ्याच्या डब्यात औषध किंवा अत्तर थोडंच असतं. त्याला बाहेर ढकलायला आत गॅस कोंडलेला असतो. तो गॅस कुठला, एवढंच आप्पांना हवं असायचं. "औषध कुठलं बी असू द्या," ते म्हणायचे, "ढकलणारा कोन हाय त्ये बगायचं." पुढे पुढे हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं, की निवडणुकीत कुणी नवा उमेदवार हात जोडत दुकानापुढून गेला तरी आप्पा मला विचारायचे, "ढकलणारा कोन हाय?"

धंद्यानं ते फ्रिज मेकॅनिक. मूळचे भांडगावचे, धनगराच्या घरातले. वडलांची पायपीट मेंढरांमागे गेली, भावानं थोडी शेती केली आणि थोडी मेंढरं राखली, आणि आप्पा कोवळ्या वयात पुण्यात एका पाहुण्याच्या दुकानात फ्रिज खोलायला शिकून शिरूरला आले. अंगानं काटकुळे. अंगात दोन खिशांचा खाकी शर्ट, खिशांना बटणं, आणि ती कायम लावलेली. डोक्याला टोपी नाही, पण ऊन लागलं की खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळायचे आणि मग ते फ्रिजवाले वाटायचेच नाहीत, कुठं मेंढरं सोडून आलेत असं वाटायचं.

एक सवय मात्र थेट वडलांकडून आलेली. काम संपवून निघाले की दारापर्यंत जायचे, थांबायचे, आणि वळून आपण बसलो होतो ती जागा बघायचे. तारेचा तुकडा, स्क्रू, विडीचं थोटूक, काही दिसलं की परत येऊन उचलायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आमचा बा म्हनायचा, दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवली की उठताना चूल इझवायची, चुलीचं दगूड पालथं घालायचं, आन् मागं वळून बगायचं. रान मालकाचं. आपून दोन रातींचं पाव्हणं."

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. नुकतंच दुकान टाकलं होतं, जुना घेतलेला फ्रिज होता, आणि त्यात इन्सुलिन. एका सकाळी फ्रिज गार होईना. म्हस्कू आप्पांना बोलावलं. इन्सुलिन बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवून मी घड्याळाकडे बघत बसले होते, आणि हे गृहस्थ फ्रिजच्या मागे कसलंसं घरी जोडलेलं यंत्र लावून स्वस्थ बसलेले. जुन्या काँप्रेसरचंच ते यंत्र होतं, एका निळ्या टाकीला जोडलेलं, आणि ते नुसतं घुरघुरत होतं.

"दुरुस्ती कधी सुरू करणार?" मी विचारलं.

"आधी आतला गॅस काढून घेतो."

"मागचा मेकॅनिक नळी कापायचा, फुस्स व्हायचं, दोन मिनिटांत काम."

"व्हय. मीबी तसंच करायचो. लई वर्सं केलं." एवढं बोलून ते पुन्हा यंत्राकडे बघत बसले. मला राग आला होता. तासभर उशीर झाला तो झालाच. पण जाताना त्यांनी वळून जागा बघितली, फरशीवरचा कोळशासारखा काळा डाग आपल्या टॉवेलनं पुसला, आणि माझा राग निम्मा उतरला.

तो गॅस म्हणजे बारा नंबर. कागदावरचं नाव लांबलचक आहे, पण मेकॅनिक लोकांत बारा नंबर म्हटलं की पुरे. एके काळी फ्रिजात तोच आणि फवाऱ्याच्या डब्यातही बहुतेक तोच किंवा त्याचा सख्खा भाऊ. वास नाही, पेटत नाही, माणसाला काही करत नाही. आप्पा त्याच्यावर फार खूश होते. त्या काळात ते महिन्यातून एकदा टाकी पाठीला मारून भांडगावला जायचे, कारण त्यांच्या भावाला, बिरूला, त्या गॅसचा एक वेगळाच उपयोग सापडला होता.

मेंढराचं खूर पावसाळ्यात कुजतं. ते कापून साफ करावं लागतं, आणि मेंढरू जिवाच्या आकांतानं ओरडतं. आप्पांनी एकदा गंमत म्हणून टाकीची नळी खुरावर धरली आणि कळ दाबली. फस्सकन पांढरा धूर आला, खूर बर्फासारखं गार पडलं, बधिर झालं, आणि बिरूनं ते कापलं तरी मेंढरू गप्प. झालं, भांडगावापासून वरवंडपर्यंत बातमी पसरली. वस्त्यावस्त्यांवरून माणसं मेंढरं घेऊन यायची. कुणाच्या पायात बाभळीचा काटा खोल गेला, मार फवारा. कुणाचं बोट चेमटलं, मार फवारा. आप्पा एक पैसा घ्यायचे नाहीत. "लोकं मला डाक्टर म्हनायची वो ताई," ते सांगायचे, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा आधी खुलायचा आणि मग बारीक व्हायचा.

कारण मग ते ट्रेनिंग झालं. पुण्यात फ्रिज मेकॅनिकांसाठी दोन दिवसांचं सरकारी शिबिर होतं. जेवण फुकट आणि जाताना एक बॅग, म्हणून आप्पा गेले. तिथं शिकवणाऱ्या साहेबानं फळ्यावर पृथ्वी काढली, तिच्याभोवती एक रेघ काढली आणि सांगितलं, की आभाळात फार उंचावर ओझोनचा एक थर आहे, तो सूर्याचं जहरी ऊन अडवतो. आपण जमिनीवर सोडलेला बारा नंबर विरत नाही, कुजत नाही, वर्षानुवर्षं तरंगत वर जातो, तिथल्या उन्हात फुटतो आणि तो थर खातो. त्यातून दक्षिण टोकावर भलं मोठं भोक पडलंय. साहेब पुढे असंही म्हणाले, की तिकडे मेंढपाळांचा मुलूख आहे आणि लोक सांगतात की तिथली मेंढरं आंधळी होताहेत.

बाकीचे पन्नासेक मेकॅनिक जेवणाची वाट बघत होते. आप्पांना जेवण गेलं नाही.

"मी हितं मेंढराचं खूर बरं करत हुतो," ते मला म्हणाले होते, "आन् तिकडं कुनाच्या तरी मेंढराचं डोळं जात हुतं. माज्याच टाकीनं."

मेंढरं आंधळी झाल्याची गोष्ट खरी नव्हती, ते डोळे दुसऱ्याच रोगानं गेले होते, असं मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. आप्पांना सांगावं की नाही याचा मी आठवडाभर विचार केला. शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "मेंढरांचं बरं झालं मग. पर आभाळाचं खरं हाय न्हवं?" ते खरं आहे म्हटलं. "मग काय फरक पडतोय," म्हणाले आणि डासांचा फवारा वाचायला घेतला.

ट्रेनिंगहून आले ते आप्पा थेट भांडगावला गेले आणि भावाला सांगितलं, आजपासून खुरावर फवारा बंद. बिरू संतापला. "मेंढराच्या खुरानं आभाळाला भोक पडतंय व्हय? शिबिरात जिवायला घातलं का पाजलं?" सगळी वस्ती हसली. आप्पांना सिद्ध तर काही करता येईना. न दिसणारा गॅस, न दिसणारा थर आणि न दिसणारं भोक. मग त्यांनी त्यांच्या लोकांना कळेल अशी एकच गोष्ट केली. बिरोबाच्या देवळात जाऊन भंडारा उचलला. देवापुढची हळद मुठीत घेऊन सगळ्यांसमक्ष बोलले, की बारा नंबर मी आजपासून वाऱ्यावर सोडला तर मला बिरोबाची आण. भंडारा उचललेला शब्द मोडत नाहीत. बिरू गप्प झाला, पण पुढे दोन वर्षं भावाशी नीट बोलला नाही.

शिरूरातही धंदा बसला. दुसरे मेकॅनिक अर्ध्या तासात मोकळे व्हायचे, आप्पांना दोन तास लागायचे. काढलेला गॅस ते गाळून दुसऱ्या जुन्या फ्रिजात भरायचे, उरेल तो टाकीत. मेंढरं रात्री कोंडतात त्या जाळीला त्यांच्याकडं वाघर म्हणतात. टाकीची चावी घट्ट आवळली की आप्पा म्हणायचे, "घातला वाघरीत." दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत पान्हे, पकडी यांच्यासोबत त्या निळ्या टाकीलाही झेंडूची माळ असायची, आणि गंजू नये म्हणून दर वर्षी नवा रंग.

आता सोनावहिनींबद्दल सांगायला हवं, कारण इथून पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे.

सोनावहिनी म्हणजे आप्पांच्या मंडळी. बुटक्या, बोलक्या, कपाळभर कुंकू, आणि छातीत जुना दमा. त्यासाठी त्या तोंडात मारायचा पंप वापरायच्या. दर महिन्याला माझ्याकडून न्यायच्या. पंप दाबला की औषधाचा फवारा घशात जातो, मग श्वास रोखून दहापर्यंत मोजायचं. वहिनींचे आकडे सहानंतर घसरायचे, म्हणून आप्पा शेजारी उभं राहून मोजायचे. माझ्या दुकानातसुद्धा मोजले आहेत त्यांनी. "सात... आठ... धर अजून... नऊ... धा. सोड." आख्खं दुकान बघत असायचं आणि ह्यांना कुणाची फिकीर नाही.

एका दिवशी दोघं बरोबर आले. मी पंपाचं खोकं काउंटरवर ठेवलं. एरवी वहिनी ते थेट पिशवीत टाकायच्या; आज आप्पांनी सवयीनं उचललं, चष्मा वर केला, ओठ हलवले, अडले आणि खोकं माझ्याकडे केलं. मी कामात होते. काही विचार न करता मोठ्यानं वाचलं आणि वर हसून म्हटलं, "घ्या आप्पा, ढकलणारा तुमचाच बारा नंबर! तुमच्या घरातच निघाला की."

माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मलाही कळायला हवं होतं. आप्पांचा चेहरा उतरला. वहिनींनी एकदा खोक्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग आप्पा म्हणाले, "औषदाचं निराळं." आणि खोकं पिशवीत टाकून गेले. विषय संपला असं मला वाटलं. त्यांनाही तसंच वाटलं होतं.

विषय संपला नव्हता. त्यांच्या घरची एक रीत होती. कर्त्या पुरुषानं देवाच्या नावानं एखादी गोष्ट सोडली, की बायकोनंही ती सोडायची. आप्पांच्या वडलांनी वांगं सोडलं तर आईनं जन्मभर वांग्याला हात लावला नाही. सोनावहिनींच्या हिशोबी नवऱ्यानं भंडारा उचलून बारा नंबर सोडला होता. आजवर त्यांना माहीत नव्हतं की पंपात तोच आहे. आता माहीत झालं. त्यांनी पंप सोडला. कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत.

आणि त्या हुशार! दर महिन्याला माझ्याकडे यायच्या, पंप न्यायच्या, "बरं हाय आता" म्हणून सांगायच्या. आप्पांनी मोजायला उभं राहावं तर "आत्ताच घेतला की" म्हणायच्या. नवे पंप जसेच्या तसे लपवून ठेवायच्या. आले-तुळशीचा काढा प्यायच्या आणि रेटायच्या. मी बी.फार्म झालेली बाई. दोन-तीन महिने माझ्यासमोर उभं राहून ती बाई वाक्याच्या मधेच थांबून श्वास घेत होती, आणि मी पंप कागदात गुंडाळत होते. हे मला अजूनही टोचतं.

थंडीत वरवंडला पाहुण्यांकडं साखरपुडा होता. दोघं गेले. दुपारची वेळ, मांडवाच्या पलीकडे उसाचं गुऱ्हाळ चालू, आणि वारा फिरला तसा चिपाडांचा धूर सगळा मांडवात आला. वहिनींना धाप लागली. आप्पांनी त्यांची पिशवी उपसली, पंप काढला, तोंडाशी धरला. वहिनींनी ओठ मिटून घेतले. आप्पांना वाटलं, तिला सुधरत नाहीये. पुन्हा धरला. तिनं हातानं बाजूला सारला. तोपर्यंत ओठ निळे पडले होते. कुणाच्या तरी जीपमधून दौंडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "ताई, पंप भरल्याला हाय. नवाकोरा. एकबी दाब मारल्याला न्हाई. आसं कसं?"

मला आधी काही कळेना, आणि मग एकदम सगळं कळलं. दुकान बंद करून मी दौंडची एसटी धरली.

वहिनी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या, नाकाला ऑक्सिजनची नळी. आप्पा खालच्या फरशीवर. त्यांच्या शर्टाच्या खिशांची बटणं मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडी पाहिली.

"वहिनी, पंप का नाही घेतला?" मी विचारलं.

त्या हसल्या. "मालकांनी मेंढराचं बंद केलं. मी तर मानूस हाय. मला कळतं की."

आप्पांनी मान वर केली. "काय म्हनलीस?"

"भंडारा उचाललाय तुमी. घरात दोन कायदं कसं चालतील?" एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. "तीन हायती तसंच. बाजरीच्या कोठीत. वाया न्हाई घालवलं."

आप्पा उठले. मला वाटलं आता ओरडतील. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. पन्नाशी उलटलेला माणूस दवाखान्यात असा रडताना मी तोवर पाहिला नव्हता. वहिनी घाबरून मला म्हणाल्या, "ताई, त्यांना सांगा ना, मी बरी हाय."

बाहेर व्हरांड्यात आप्पा मला म्हणाले, "मी आण मोडतो. हिला आज पंप द्यायचा. बिरोबा माजं काय करायचं त्ये करू दे." पण आत जाऊन हे सांगितल्यावर वहिनींनी मान हलवली. नवऱ्यानं आण मोडायची आणि त्याचं पाप आपल्या छातीवर घ्यायचं, हे त्यांना दम्यापेक्षा जड होतं. सुई आणि सलाईन घेतील, नळी घेतील, पंप नाही. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. ती बाई ऐकेना.

परत येताना एसटीत मला एक गोष्ट आठवली. आमच्या धंद्याच्या एका मासिकात वाचलं होतं, पुरतं लक्षात नव्हतं. घरी येऊन माळ्यावरचा गठ्ठा उपसला आणि ते पान सापडलं. हा गॅस बंद करायचा म्हणून जगातल्या देशांनी करार केला, तेव्हा फ्रिजवाल्यांना मुदत दिली, डिओवाल्यांना मुदत दिली, पण दम्याच्या पंपाला सूट ठेवली होती. दुसरा चांगला उपाय निघेपर्यंत पंपात तो गॅस चालेल, असं त्यात लिहिलं होतं.

मी पान घेऊन पुन्हा दौंडला गेले. आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी तीन वेळा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मराठीत लिवून द्या. खाली तुमची सही करा."

सही कशाला, ते मी विचारलं नाही. औषधाच्या पावतीमागे मी चार ओळी लिहिल्या आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. आप्पा तो कागद घेऊन वहिनींच्या उशाशी बसले.

"ऐक. समदी राज्यं बसली हुती. मोठी मोठी. गोऱ्यांची, काळ्यांची, आपली. बारा नंबर बंद करायचा म्हनाली. मंग त्यातलं कुनीतरी उठलं आन् म्हनालं, दम्याच्या मानसाचं काय? तवा समद्यांनी ठरवलं, आदी त्याला दम घिऊ द्या. आभाळ थोडं थांबंल."

वहिनी कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "माज्यासाठी ठरवलं?"

"तुज्यासाठीच."

"मला वळकीत्यात व्हय ती?"

"वळखायला कशाला पायजे," आप्पा म्हणाले. "दमा वळकीत्यात."

त्या हसल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. पण तेवढ्यानंही झालं नाही. राज्यांनी सूट दिली, बिरोबानं कुठं दिलीय? तेव्हा आप्पा मोटारसायकलवरून भांडगावला गेले. बिरूला सोबत घेतलं, वस्तीवरची चार माणसं घेतली, देवापुढं माझा कागद ठेवला, पुन्हा भंडारा उचलला आणि आणेत दुरुस्ती केली: बारा नंबर वाऱ्यावर सोडणार नाही, दम्याचा पंप तेवढा वगळून, दुसरा निघेपर्यंत. आता बिरूच पुढे झाला आणि सगळ्यांना म्हणाला, "ऐकलं ना? समक्ष झालंय." दोन वर्षांनी भाऊ भावाच्या बाजूनं बोलला. मूठभर भंडारा कागदाच्या पुडीत बांधून आप्पा संध्याकाळच्या आत दौंडला आले, तो वहिनींच्या कपाळाला लावला आणि पंप पुढं धरला.

वहिनींनी ओठ उघडले. आप्पा मोजायला लागले. दहा झाले तरी थांबेनात. शेवटी वहिनीच फस्सकन श्वास सोडून म्हणाल्या, "आवो, मारताय का मला?"

घरी गेल्यावर आप्पांनी बाजरीची कोठी उपसली. पंप दोनच निघाले. वहिनी म्हणाल्या, "मोजन्यात चुकलं आसंल माजं." कुणी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढं काही वर्षांनी नवा पंप आला, बारा नंबर नसलेला. मी खोकं मुद्दाम आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, मला वाचायला लावलं, आणि तडक जाऊन गरम जिलबी घेऊन आले. दुकानातल्या अनोळखी गिऱ्हाइकांनाही वाटली. काय निमित्त, असं कुणी विचारलं तर "सूट संपली" म्हणायचे. वहिनींना नवा पंप आवडला नाही. "ह्यात जोर न्हाई. घशाला गार लागत न्हाई," त्या तक्रार करायच्या. पण जुना पुन्हा मागितला नाही. दुसरा निघेपर्यंत, एवढंच बोलणं होतं.

आप्पांचं डबे वाचणं मात्र चालूच राहिलं. आताच्या डब्यांत बारा नंबर नसतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी वाचायचे. मागे एका पुढाऱ्याचा चौकात वाढदिवस होता. पोरं एकमेकांवर फेसाचे फवारे मारत होती, आणि आप्पा खाली पडलेले रिकामे डबे उचलून वाचत होते. एकजण ओरडला, "आप्पा, भंगार किती झालं?" आप्पा म्हणाले, "ह्यो आभाळाचं कायबी करत न्हाई. पर पेटतोय लई. केकावरच्या मेणबत्तीपाशी मारू नका, पुढाऱ्याच्या मिशा जातील." पोरं हसली, पण केक कापताना त्यांनी फवारे खाली ठेवले, हे मी दुकानातून पाहिलं.

तो थर हळूहळू भरून येतोय असं शास्त्रज्ञ सांगतात, हेही मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. अजून कितीतरी वर्षं लागतील, पण भरतोय. वहिनी तेव्हा सोबत होत्या. आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. "धरतंय म्हन खपली," ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "खाजवू नका म्हंजी झालं."

गेल्या वर्षी सोनावहिनी गेल्या. दम्यानं नाही; सकाळी चहा ठेवला आणि तिथंच बसल्या, बसल्या त्या बसल्याच. आप्पांनी शिरूरचं बिऱ्हाड मोडायचं ठरवलं आणि भांडगावला भावाकडं जायला निघाले. सामान टेंपोनं आधी गेलं. ते निरोप घ्यायला माझ्याकडे आले. खूप वाळले होते. काउंटरच्या बाजूच्या स्टुलावर बसले. डब्यांकडे त्यांनी पाहिलं नाही.

मग शर्टाच्या खिशाचं बटण काढून त्यांनी एक वस्तू काउंटरवर ठेवली. जुना पंप. बाजरीच्या भुकटीनं पांढुरका झालेला, टोपण न उघडलेलं.

"कोठी रिकामी केली काल," ते म्हणाले. "तळाला फळीच्या फटीत हुता. ती तीन म्हनत हुती. तीनच हुते."

मी तो हातात घेतला. मुदत संपून जमाना लोटला होता. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आप्पा, यातलं औषध मेलंय आता. राहू द्या माझ्याकडं, मी बाकीच्या मुदत संपलेल्या मालाबरोबर पाठवते."

त्यांनी हात पुढे करून पंप परत घेतला, कानाशी नेला आणि हलवला. मग माझ्या कानाशी धरून हलवला. आत बारीक खुळखुळ झाली.

"औषद मेलं आसंल, ताई. ढकलणारा जित्ता हाय."

"काय करणार त्याचं?"

"टाकीशेजारी ठिवतो. वाघरीत." त्यांचा अंगठा पंपाच्या डोक्यावर होता, पण दाब नव्हता. "माज्यापायी तिनं न घेतलेला दम हाय ह्यो. फेकू कुटं?"

त्यांनी पंप खिशात ठेवला आणि बटण लावलं. भांडगावच्या वाटेवरची चौफुल्याची एसटी लागल्याचं कुणीतरी ओरडलं. आप्पा उठले, दारापर्यंत गेले, थांबले, आणि वळून बसल्या जागेकडे बघितलं. काउंटरवर बाजरीचे दोन दाणे सांडले होते. ते परत आले, दोन्ही दाणे बोटानं टिपून घेतले, आणि गेले.